गोंदिया-गडचिरोलीकडून विशाखापट्टणम: समुद्र पाहायला कसं जायचं अन् तिथं कसं फिरायचं

समुद्र पाहायचा म्हटलं की आपल्याकडे एकदम मुंबई, गणपतीपुळे नाहीतर गोवा, चौथं नावच निघत नाही. पूर्व विदर्भातल्या माणसानं एकदा नकाशा उघडून पाहावा. गोंदियाहून मुंबई रेल्वेनं साडेनऊशे किलोमीटरच्या वर आहे अन् विशाखापट्टणम सातशेच्या आसपास, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातल्या लोकांचा जवळचा समुद्र पूर्वेला आहे, बंगालचा उपसागर. शहर बी असं की डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरलेले, मोठं बंदर, नौदलाचा तळ, लांबच लांब बीच रोड, सिंहाचलमचं देवस्थान अन् वर अरकूचा घाट. तिकडे सगळे वायझॅग म्हणतात, मी बी इथं तेच लिहितो.

हे काहून लिहून राह्यलो तर आपल्या गावागावात साठी-सत्तरीचे कितीतरी लोक आहेत ज्यांनी जन्मभर धान लावलं, तलाव पाह्यले, वैनगंगेचा पूर पाह्यला, पण समुद्र नाई पाह्यला. अन् पोरं म्हणतात लय दूर आहे, भाषा येत नाही, आईबाबाला झेपणार नाही. झेपते. नीट आखणी केली तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन, शेतीची कामं सांभाळून, पाच दिवसात आरामात होते. बचत गटाच्या बायांनी तर हे नक्की मनावर घ्यावं, दहा-बारा जणी मिळून निघाल्या तर गाडीभाडं बी वाटल्या जाते अन् सोबत बी राहते.

कधी निघायचं

धान कापून, चुरून घरात किंवा सोसायटीत गेलं की निघा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा चांगली राहते, संध्याकाळी बीचवर गार वारं, अन् आपल्याकडे तेव्हा रबीचं काम सोडलं तर हात मोकळा असतो. फक्त संक्रांतीचा आठवडा टाळा. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ अन् हळदीकुंकू, पण आंध्रात तो वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे, हैदराबादेत कामाला असलेले सगळे गावाकडे निघतात, अन् 10 जानेवारीपासून पुढं आठवडाभर विजयवाडा-वायझॅग बाजूच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

दिवाळीच्या सुट्ट्यात पोरांच्या शाळेला सुट्टी असते म्हणून लोक तेव्हाच ठरवतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिकडे चक्रीवादळाचे महिने आहेत. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद नावाचं वादळ सरळ या शहरावरच आलं होतं, झाडं-खांब-विमानतळ सगळ्याची नासधूस झाली होती. म्हणून या दोन महिन्यात जायचं असलं तर निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज पाहत राहा, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला अशी बातमी आली की रेल्वे गाड्या रद्द करते अन् समुद्राकडे कोणाला जाऊ देत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे 45 च्या वर पारा जातो तेवढा तिकडे सहसा नाही जात, पण घाम असा की अंगातला सदरा वाळतच नाही, बीपीवाल्या माणसाला मे महिन्यात नेऊ नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला राहतो, अरकू मात्र हिरवंगार.

गाडी कोणती, चढायचं कुठून

इथं थोडं नीट वाचा कारण अर्धा प्रवास इथंच सोपा नाहीतर अवघड होतो.

आपल्याकडून वायझॅगला रेल्वेचे दोन रस्ते आहेत. एक वरून, गोंदिया-दुर्ग-रायपूर-टिटलागड-रायगडा-विजयनगरम असा, अन् एक खालून, बल्लारशाह-वारंगल-विजयवाडा-राजमहेंद्री असा. वरच्या रस्त्यानं समता एक्सप्रेस जाते, दिल्लीच्या निजामुद्दीनहून येते, नागपूर, गोंदिया करत थेट वायझॅगला. खालच्या रस्त्यानं स्वर्णजयंती अन् एपी एक्सप्रेस, या बी दिल्लीकडूनच येतात, नागपूर-बल्लारशाहवरून. आता तुमचं गाव कोणत्या बाजूला पडते त्यावर ठरवा. आमगाव, सालेकसा, देवरी, साकोली, तुमसरवाल्यांनी समता पाहावी. चंद्रपूर, राजुरा, गोंडपिपरी, मूलकडच्यांनी बल्लारशाहची गाडी पाहावी. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, अर्जुनी मोरगाव हे मधातले लोक, तुम्हाला गोंदिया-बल्लारशाह लाईन आहेच, वर जा का खाली जा दोन्ही सारखंच, ज्या गाडीत कन्फर्म तिकीट मिळते तिकडे जा. फक्त एक ध्यानात ठेवा, या लाईनवरचं चंद्रपूरचं स्टेशन म्हणजे चांदा फोर्ट, ते वेगळं अन् मुख्य चंद्रपूर स्टेशन वेगळं, म्हणून गाडी बदलायची असली तर सरळ बल्लारशाहपर्यंत जाऊनच बदला. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या लोकांनी नागपूर गाठावं.

समता अन् बाकीच्या काही गाड्या आठवड्याचे सगळे दिवस धावत नाहीत, अन् वेळा बदलत राहतात, त्यामुळं कोणी सांगितलेल्या वारावर अन् वेळेवर जाऊ नका, रेल्वेच्या ॲपमध्ये किंवा 139 वर स्वतः पाहून घ्या.

तिसरा पर्याय 2024 च्या सप्टेंबरपासून झाला, दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत. पहाटे सहाच्या आत दुर्गहून सुटते अन् दुपारी दोनच्या आत पोचवते, गुरुवारी नसते. बसून जायची एसी गाडी आहे, आठ तास, दिवसाउजेडी ओडिशाचे डोंगर पाहत जाता येते म्हणून मला स्वतःला हा प्रवास फार आवडतो. पण त्यासाठी आदल्या रात्री दुर्गला मुक्काम करावा लागते अन् तिकीट बी महाग, म्हणून जोडप्याला, तरुण पोरांना ठीक. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आठ तास बसवण्यापेक्षा स्लीपर नाहीतर थ्री-टायर एसीत झोपवून नेलेलं बरं.

अन् थेट गाडी मिळालीच नाही तर निराश होऊ नका. बल्लारशाहवरून विजयवाड्याला जाणाऱ्या गाड्या दिवसभर भरपूर आहेत, दिल्ली-चेन्नईची सगळी वाहतूक तिथूनच जाते, अन् विजयवाडा ते वायझॅग 350 किलोमीटर, तिथून रत्नाचलसारख्या दिवसाच्या गाड्या आहेत. एक सावधगिरी, हावडा-चेन्नई बाजूच्या काही गाड्या वायझॅगच्या मुख्य स्टेशनात जातच नाहीत, बाहेरच्या बाहेर दुव्वाडा स्टेशनवर थांबून पुढं जातात. तिकिटावर दुव्वाडा लिहिलेलं असलं तर शहरात यायला तिथून आणखी पंधरा-सतरा किलोमीटर धरा.

तिकीट साठ दिवस आधी सुटते, पहिले 120 दिवस होतं ते 2024 च्या नोव्हेंबरपासून साठ झालं. तारीख ठरली की त्याच सकाळी काढा. तात्काळ एक दिवस आधी, एसीचं दहा वाजता अन् स्लीपरचं अकरा वाजता, पण आता ऑनलाईन तात्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागते, ते काम घरी बसून आधीच करून ठेवा, अकराला पाच कमी असताना गावातल्या नेटवर्कवर ओटीपीची वाट पाहत बसण्यात काही अर्थ नाही. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत 2020 पासून बंद आहे पण खालच्या बर्थचा कोटा आहे, साठ वर्षांवरचे पुरुष अन् पंचेचाळीसच्या वरच्या बाया, फॉर्म भरताना वय बरोबर टाका अन् तो कोटा निवडा, ऑनलाईन सेंटरवाला घाईत जनरल कोट्यात टाकून देते अन् मग आजीला वरचा बर्थ येतो.

गावातून स्टेशनपर्यंत एसटी. बायांना अर्ध तिकीट, 75 च्या वरच्यांना फुकट, हे तर माहीतच आहे. पण रात्रीच्या गाडीसाठी शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नका, दुपारचीच पकडा अन् स्टेशनवर चार तास बसा. डबा घेऊन जा, पोळ्या, सुकी भाजी, चिवडा, लोणचं. पाण्याची पाच लिटरची कॅन पण ठेवा.

खालच्या रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, अन् ही मला फार महत्त्वाची वाटते. राजमहेंद्रीला गाडी गोदावरीवरून जाते, अडीच किलोमीटरच्या वर लांब पूल आहे, पलीकडचा काठ दिसायला वेळ लागते. आपली वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याच्या खाली कालेश्वरमला गोदावरीला मिळते, अन् तेच पाणी या पुलाखालून समुद्राकडे जाते. उजाडलं असलं तर आईबाबाला उठवून खिडकीशी बसवा अन् हे सांगा. डब्यातले लोक तिथं नदीत नाणी टाकतात, हात जोडतात. आपल्या नदीला ज्यांनी जन्मभर ओलांडलं त्यांना ती इथं इतकी मोठी झालेली पाहायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

उतरल्यावर

वायझॅग स्टेशन शहराच्या मधातच आहे. बाहेर पडलं की ऑटोवाले अंगावर येतात, घाबरायचं काम नाही, बाजूला उभं राहून मोबाईलवर ओला-उबर-रॅपिडोचा भाव पाहा अन् मग बोला, भाव माहीत असला की बोलणं दोन मिनिटात संपते. भाषेची काळजी करू नका. नौदल, पोर्ट, स्टील प्लांट यामुळं देशभरातले लोक इथं राहतात, हिंदी बऱ्याच ठिकाणी चालते. तरी चार शब्द पाठ करा, किती याला एन्ता, कुठं याला एक्कड, नको याला वद्दु, अन् हॉटेलात कारम तक्कुव म्हणजे तिखट कमी. सिरोंचा-अहेरीकडचा कोणी मित्र सोबत असला तर मग काही प्रश्नच नाही, त्यांच्या घरातच तेलुगू बोलतात.

राहायचं कुठं? स्वस्त लॉज स्टेशनजवळ अन् आरटीसी कॉम्प्लेक्सच्या आजूबाजूला, द्वारकानगर भागात भरपूर आहेत. आरटीसी कॉम्प्लेक्स म्हणजे तिथलं मुख्य बसस्टँड, सगळीकडच्या सिटी बस तिथून मिळतात. बीच रोडवर खोली महाग पडते. माझं मत विचाराल तर म्हातारी माणसं सोबत असली तर दोन पैसे जास्त द्या अन् आरके बीचच्या चालण्याच्या अंतरात खोली घ्या. कारण सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ समुद्र पाहायचा असते, दर वेळी ऑटो करत बसलं तर पैसा बी तेवढाच जाते अन् माणूस बी थकते. खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या खोलीचा हट्ट करू नका, खाली उतरून समुद्रच आहे. खोली घ्यायच्या आधी लिफ्ट आहे का, संडास बसायचा का कमोडचा हे विचारा, सगळ्यांचे आधार कार्ड मूळ ठेवा, झेरॉक्सवर काही ठिकाणी खोली देत नाहीत.

शहरात फिरणं

सिटी बस चांगल्या आहेत. पाटी तेलुगूत असली तरी नंबर आपल्याला वाचता येतो, म्हणून नंबर विचारून चढा. बीच रोडनं ऋषिकोंडा अन् भीमिलीकडे जायला बस आहेत, स्टेशन अन् आरटीसी कॉम्प्लेक्सवर भीमिली म्हटलं की कोणी बी दाखवते. आंध्रात 2025 च्या ऑगस्टपासून बायांना बसमध्ये फुकट प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवाशांना, आपल्या बायांनी तिकीट काढावं, कंडक्टरशी वाद घालू नये. शेअर ऑटो बी मोठ्या रस्त्यांवर सतत धावतात. चार-सहा जण असाल तर एका पूर्ण दिवसासाठी गाडी ठरवणं सगळ्यात सोपं, ठरवताना कोणती ठिकाणं, किती वाजेपर्यंत, पार्किंगचा पैसा कोणाचा हे तिन्ही आधी बोलून घ्या.

पहिल्या दिवशी काही पाहू नका. खरंच सांगतो. आंघोळ करा, झोपा, अन् ऊन उतरलं की आरके बीचवर जाऊन नुसतं बसा. आरके म्हणजे रामकृष्ण, मिशनचा आश्रम तिथं आहे, बाजूला कालीमातेचं देऊळ. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या माणसाला बोलायला लावू नका, फोटोसाठी उभं करू नका, त्याला त्याच्या मनानं पाहू द्या. तिथं मुरी मिक्सचरच्या गाड्या लागतात, मुरमुरे, कांदा, टमाटर, लिंबू, मसाला, ते नक्की खा.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठा. मुंबई-गोव्याला सूर्य समुद्रात बुडते, इथं समुद्रातून निघते, अन् ते पाहण्यासाठी हिवाळ्यात सहाच्या आधी वाळूवर पोचलेलं पाहिजे. तिथून मन असलं तर फिशिंग हार्बर, सकाळी होड्या लागतात अन् मासळीचा लिलाव होते, आपल्या तलावातल्या मासेमारीत असलेल्या लोकांनी तर हे पाहायलाच पाहिजे, केवढाल्या होड्या अन् केवढाले मासे. वास सहन होत नसला तर जाऊ नका.

कुरसुरा पाणबुडी आरके बीचवरच ठेवली आहे. खरी पाणबुडी, रशियन बनावटीची, 1969 मध्ये नौदलात आली, 1971 च्या युद्धात होती, 2001 मध्ये निवृत्त झाली अन् 2002 पासून लोकांना आतून पाहायला मिळते. एक्याण्णव मीटर लांब. आत शिरलं की कळते जवान कशा जागेत महिनोन्‌महिने राहत होते, झोपायच्या फळ्या, टॉर्पेडो, स्वयंपाकाची इवलीशी जागा, सगळं एकाला एक लागून. माहिती सांगणारे बरेचदा नौदलातलेच निवृत्त लोक असतात, त्यांना प्रश्न विचारा, मनापासून सांगतात. सोमवारी बंद असते अन् आडवारी दुपारनंतर उघडते, म्हणून सकाळी तिकडे रांगेत उभं राहू नका. आतले दरवाजे गोल अन् उंचावर आहेत, पाय उचलून वाकून जावं लागते, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना बाहेरच बसवा, समोरच टीयू-142 विमानाचं म्युझियम आहे ते त्यांना जास्त सोपं जाईल. जवळच विजय स्मारक बी आहे, 1971 चं. त्या युद्धात पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच बंदराच्या बाहेर बुडाली, 3 अन् 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री.

दुपारनंतर कैलासगिरी. डोंगरावर बाग, शंकर-पार्वतीची मोठी पांढरी मूर्ती, छोटी रेल्वे, अन् वर जायला रोपवे. वरून किनाऱ्याचा जो वळसा दिसते तो पाहायला तरी जा. रविवारी गर्दी फार, इतर दिवशी जा.

ऋषिकोंडा बीच आरकेपेक्षा स्वच्छ आहे, 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅगचा, म्हणजे स्वच्छ अन् सुरक्षित किनाऱ्याचा मान मिळाला होता. पुढं भीमिली, शहरापासून चोवीस-पंचवीस किलोमीटर, जुनं डच लोकांचं बंदर, त्यांची कबरस्तान अजून आहे, अन् गोस्तनी नदी तिथं समुद्राला मिळते. या रस्त्यावर समुद्र सारखा उजव्या हाताला राहते, म्हणून जाताना बसमध्ये उजवी खिडकी पकडा. मधात थोटलाकोंडा लागते, डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार, अवशेषच आहेत पण जागा फार सुंदर निवडली होती त्या भिक्खूंनी. आपल्याकडून दीक्षाभूमीला जाणारे, पवनीचे स्तूप पाहिलेले लोक असतील तर त्यांनी हे चुकवू नये.

पाण्यात उतरण्याबद्दल

बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नका. आपल्याकडचा पोट्टा तलावात पोहते, वैनगंगेच्या डोहात उड्या मारते, अन् त्याला वाटते मला पोहता येते. समुद्रात ते पोहणं कामी येत नाही. आरके बीचवर पाणी एकदम खोल होते अन् लाट परत जाताना खालून ओढ असते, गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची वाळू निघून जाते अन् तो पडते, अन् पुढची लाट त्याला आत नेते. तिथं दरवर्षी लोक बुडतात, बहुतेक बाहेरून फिरायला आलेले, तरुण पोरं. आरकेला फक्त पाय भिजवा. पाणी अंगावर घ्यायचंच असलं तर ऋषिकोंडाला जा, तिथं जीवरक्षक असतात, त्यांनी जिथपर्यंत सांगितलं तिथपर्यंतच, अन् तिथं बी कमरेच्या वर नाही.

ओढीत सापडलाच कोणी तर त्यानं सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये, थकून बुडते. अंग सैल सोडून तरंगत राहावं, हात वर करून ओरडावं, अन् किनाऱ्याला आडवं पोहत ओढीतून बाहेर निघावं. ओढ अरुंद पट्ट्यात असते, बाजूला गेलं की सुटते. अन् काठावरच्यांनी साखळी करून मागं उड्या मारू नये, एकाच्या जागी चार जातात. दोरी, रिकामी कॅन, टायर जे तरंगते ते फेका अन् जीवरक्षकाला, पोलिसांना बोलवा, 112 लावा.

बायांनी पदर-निऱ्या खोचून घ्याव्या, ओली साडी पायात गुंतली की उठता येत नाही. दारू पिऊन पाण्याजवळ जाणाऱ्याला सरळ हाताला धरून मागं आणा, वाईटपणा येऊ द्या. अन् खडकांवर सेल्फी नाही, समुद्र शांत दिसत असतानाच मोठी लाट येते.

अरकू अन् बोरा गुहा

तिसरा दिवस यासाठी. सकाळी सातच्या आत किरंदुलकडे जाणारी पॅसेंजर सुटते, तीच पकडायची. मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा लागते, त्याचं तिकीट घरूनच काढा, साठ दिवस आधी, नाहीतर मिळत नाही. साधा डबा बी वाईट नाही, पण अर्धा तास आधी जाऊन खिडकी धरा. चार तासात अरकू. पन्नासच्या वर बोगदे आहेत, पोरं प्रत्येक बोगद्यात ओरडतात, अन् दोन बोगद्यांच्या मधात एकदम दरी उघडते. खरं सांगायचं तर जंगलासाठी आपल्या माणसाला अरकूला जायची गरज नाही, नवेगाव-नागझिरा अन् गडचिरोलीचं जंगल ज्यांच्या दारात आहे त्यांना झाडं काय दाखवायची. पण घाटातली ही रेल्वे आपल्याकडे नाही, अन् बोरा गुहा आपल्याकडे नाही, म्हणून जावं.

जाताना रेल्वे, येताना जीप किंवा गाडी, असं केलं की एका दिवसात होते. अरकूला उतरून गाडी ठरवा, आदिवासी संग्रहालय, पद्मापुरम बाग, कॉफीचे मळे पाहत खाली या अन् बोरा गुहा करून वायझॅग, रस्ता साधारण 115 किलोमीटरचा. संग्रहालयात घाई करू नका. तिथल्या लोकांची घरं, शेतीची अवजारं, दागिने पाहून आपले गोंड-माडिया लोक आठवल्याशिवाय राहत नाही. कॉफी आदिवासी शेतकरीच पिकवतात, 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, भेट द्यायला पाव किलोचं पाकीट घ्या. बांबूत भाजलेलं चिकन रस्त्यानं मिळते, गरम असलं तरच घ्या.

बोरा गुहा चुनखडीची, आत केवढी उंच पोकळी, पाणी टपकून टपकून झालेले खांब, वर एका ठिकाणी शिवलिंग. पायऱ्या खूप आहेत अन् ओल्या. चप्पल घसरते, बूट घाला. दम्याच्या अन् गुडघ्याच्या लोकांनी तोंडाशीच थांबावं, तिथूनही बरंच दिसते. बाहेर माकडं, हातात पिशवी ठेवू नका. डिसेंबरात अरकूला थंडी आपल्यापेक्षा जास्त, स्वेटर-मफलर पाहिजेच.

सिंहाचलम अन् परतीचा दिवस

वराह लक्ष्मी नरसिंहाचं देवस्थान, शहरापासून सोळा-सतरा किलोमीटर, डोंगरावर. मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात असते, अक्षय तृतीयेला एकच दिवस लेप काढून मूळ रूप दिसते. त्या दिवशी गर्दी अफाट असते, म्हाताऱ्यांना घेऊन जाऊ नका. इतर दिवशी सकाळी लवकर गेलं तर दर्शन शांत होते. खालून वर जायला देवस्थानच्या बस आहेत. मोठा मंडप, जुने शिलालेख, दगडातलं कोरीव काम, मार्कंडाचं देऊळ पाहिलेल्या माणसाला इथं वेळ कमी पडेल. हंगाम असला तर पायथ्याशी अननस घ्या, इथला अननस नावाजलेला आहे.

जेवणाचं सांगायचं राहिलं. आपण भात खाणारे लोक, तिकडे अडचण येतच नाही. मील्स मागितलं की भात, पप्पू म्हणजे वरण, सांबार, रसम, दोन भाज्या, लोणचं, दही, अन् भात मागाल तेवढा. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, तिची चटणी नक्की मागा. पोळी मात्र शोधावी लागते, ज्याला पोळीशिवाय होत नाही त्यानं सांगून ठेवावं. सकाळी इडली, पेसरट्टू म्हणजे मुगाचा डोसा, उपमा. माळकरी माणूस सोबत असला तर प्युअर व्हेज पाटी पाहूनच शिरा, एकाच भांड्यात दोन्ही करणारी हॉटेलं बी आहेत. पाणी बाटलीचंच प्या, पोट बिघडलं तर पूर्ण सहल गेली.

परतीला एक सोय आहे, बऱ्याच गाड्या वायझॅगहूनच सुटतात, तासभर आधी फलाटावर लागतात, सामान निवांत लावता येते. ओले कपडे आदल्या रात्री वाळवून घ्या, खारं पाणी साध्या पाण्यानं धुतल्याशिवाय भरू नका, कापड कडक होते अन् बॅगेला वास लागते. वाटेसाठी इडली नाहीतर दही-भात बांधून घ्या. अन् गोंदियाला समता रात्रीच्या अडनिड्या वेळी येते, तेव्हा सालेकसा-देवरी-अर्जुनीकडे काहीच नसते, म्हणून निघायच्या आधीच गावातल्या गाडीवाल्याला स्टेशनवर बोलावून ठेवा, नाहीतर प्रतीक्षालयात पहाटेपर्यंत थांबायचं मनात धरून म्हाताऱ्यांसाठी चादर अन् उशी बॅगेत वरच ठेवा.